भगताची झोळी

माझ्या डाव्या मनगटावर डागणीचा व्रण आहे. शाळेतल्या मुली चोरून बघतात. मी पदराखाली झाकत नाही.

मी बालविधवा. वयात आल्यावर विटाळाच्या आधीचे काही दिवस माझं डोकं फिरायचं. छाती दुखायची, उगीच रडू यायचं, ताट भिरकावून द्यावंसं वाटायचं. आत्या म्हणाली, "मेलेला नवरा अंगात येतोय." कल्याणच्या आमच्या माजघरात भगत आला, त्यानं तापवलेला विळा टेकवला, आणि माझे पाय धरले ते आत्यानं. दुसऱ्या दिवशी मी बाहेर बसले आणि शांत झाले. नाव झालं भगताचं. त्याचं सगळीकडे असंच चालायचं: विटाळाच्या तोंडावर यायचं, आणि बाई बाहेर बसून निवळली की भूत पळालं म्हणायचं. हे कळायला मला कॉलेज लागलं नाही, बोलायला लागलं. आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. पुरुषांतही कुणी नव्हता.

ठाण्याच्या मुलींच्या शाळेत लागल्यावर मी शिवणाच्या तासाला दार लावून घेई. सांगे, "कावळा शिवायच्या आधी चिडचिड होते ती शरीराची, भुताची नव्हे. पोट शेका, जरा पडून राहा, आणि कुणी बाधा म्हणालं तर हेच ऐकवा."

एकजण म्हणाली, "बाई, आमच्या आईची चिडचिड महिनाभर असते."

"मग तिचं कारण तुझे वडील असतील."

त्याच वर्गात आत्याची नात होती. आत्या तेव्हा टेंभी नाक्याजवळ लेकाकडे राहायची. नातीची सासरी पाठवणी ठरलेली, आणि विटाळाच्या तोंडावर तिनं तांब्या आपटला, आजीला उलट उत्तर दिलं. बाधेची कुणकुण लागली असती तर सासरच्यांनी तिला नेलंच नसतं. म्हणून आत्यानं गुपचूप भगत बोलावला. तोच, आता म्हातारा झालेला. पोर मागच्या दारानं निसटून शाळेत आली.

"बाई, निखारे पेटवलेत."

"घरी जा. त्याची देवाची झोळी उचलून कोनाड्यात ठेव. मग सांग, मला कावळा शिवला."

"पण अजून कुठे शिवलाय?"

"तपासणार कोण?"

मी तिच्या मागोमाग गेले आणि अंगणात उभी राहिले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. भगत बाहेर आला तो काठीच्या टोकाला झोळी अडकवून. "देव बाटला माजा. आदी सांगाचं नाय?" त्यानं त्या घराचा उंबरा पुन्हा चढायचा नाही अशी शपथ घेतली. मला हसू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

नात कोपऱ्यात जाऊन बसली. खरा कावळा शिवला तेव्हा ती तिथेच होती. ठरल्या दिवशी तिची पाठवणी झाली, मनगट कोरं घेऊन.

पण त्या दुपारी, नातीची शिवाशिव झाली म्हणून आत्याला विहिरीवर अंघोळ करावी लागली. तिला पाणी मीच ओढून दिलं. कुडकुडत तिनं विचारलं, "खरं सांग गं, खरंच शिवला का तिला?"

मी मनगट तिच्या डोळ्यांपुढे धरलं. "आत्या, मला डागण्याआधी तू काही विचारलं होतंस?"

मी आणखी एक घागर ओढली आणि तिच्या डोक्यावर ओतली.