तावडेला न दिसलेलं फुटेज

करी रोडला बांधकाम चालू असलेल्या टॉवरमधल्या कॅमेऱ्यांचं फुटेज बकुळा साळवी सांभाळायची. खर्च वाचवायला तिने जुनं फुटेज क्लाउडवरच्या महागड्या साठ्यातून स्वस्त साठ्यात हलवलं होतं. क्वचित लागणारी भांडी आपण माळ्यावर टाकतो, तसं. काढायला वेळ लागतो, एवढंच.

मार्चमध्ये मुकादम तावडेने वॉचमन कोंडीरामचा गुडघा सळईने फोडला होता. पोलीस चौकशीला लागले, तसा तावडे ऑफिसात घुसला आणि केस धरून त्याने बकुळाचं तोंड टेबलावर आपटलं.

"मार्चचं पुसून टाक!"

तिने स्क्रीनवरची मार्चची रिकामी यादी दाखवली. "बघ, काहीच नाही."

तो शिव्या देत गेला. नाकाचं रक्त ओढणीने दाबत बकुळाने स्वस्त साठ्यात हलवलेलं मार्चचं फुटेज मागवलं. बारा तासांनी ते आलं, त्यात सळईचा एकेक फटका दिसत होता. तिने ते पोलिसांना दिलं आणि तावडेला अटक झाली. बकुळाचं नाक मात्र वाकडं ते वाकडंच राहिलं.