पालकांची सही

वाघोलीच्या आमच्या कॉलेजात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरच्या लसीचं शिबिर ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. मी शिकवते वनस्पतिशास्त्र. पण बाई आहे ना, मग मुलींचं सगळं माझ्याकडे! वर्गावर्गांत फिरून घसा कोरडा केला. मागच्या बाकांवरची मुलं खिदळत होती. "हसा. ज्या विषाणूनं हा कॅन्सर होतो, त्याची लागण मुलांनाही होते," म्हटल्यावर गप्प बसली.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, फॉर्मवर पालकांची सही घेऊन टाका. नंतर कटकट नको." सगळ्या मुली अठरा ओलांडलेल्या, मतदान केलेल्या. सहीची गरज नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण आमच्याकडे सहलीला सही, गॅदरिंगला सही. मी "बरं सर" म्हणाले.

शिबिराच्या सकाळी दुसऱ्या वर्षातली एक मुलगी सगळ्यांच्या आधी येऊन उभी. घर मूळचं यवतमाळकडचं, वडील हडपसरला कारखान्यात. "मॅडम, माझी आई याच आजारानं गेली. घरी पोटाचं दुखणं म्हणतात, पण मी केसपेपर वाचलाय."

फॉर्मवर सही नव्हती. "बाबांना विचारायचंच नाही मला. वीस वर्षांची आहे मी."

डॉक्टरीणबाई म्हणाल्यासुद्धा, "अहो, तिची सही पुरे आहे." आणि मी, अक्कल गहाण ठेवलेली बाई, काय म्हणाले? "नियम सगळ्यांना सारखा, बाळा. सही घेऊन ये, उद्याही शिबिर आहे."

दुसऱ्या दिवशी वडील आले. हातात चुरगळलेला फॉर्म.

"मॅडम, लग्नाच्या आधी हे कायले? पोरीनं काही केलं काय?"

मी समजावलं. लस आधीच घ्यायची असते, यात चारित्र्याचा काही संबंध नाही, सगळं सांगितलं. ते खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, "तिची माय गेली तवा लोक काय काय बोलले, तुमाले माहीत नाही. पोरीच्या मागं ते लागू देणार नाही मी."

त्या माणसाचा मला रागही धड येईना. तो कागद त्याच्या हातात मीच तर पाठवला होता.

ती पुन्हा कॉलेजात आली नाही. फोन लागत नाही. गावाकडं स्थळ बघितलंय, असं मैत्रिणी सांगतात. शिबिर यशस्वी झालं म्हणून प्राचार्यांनी मला पुष्पगुच्छ दिला. तो मी स्टाफरूममध्येच टाकून आले.

माझ्या लेकीनं हीच लस दोन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात घेतली. ती तेव्हा एकोणीसची. डॉक्टरांनी तिला विचारलं, ती हो म्हणाली, झालं. मी बाहेर पेपर चाळत बसले होते. माझी सही कुणी मागितली नाही, आणि मागितली असती तर मीच भांडले असते.

परवा त्या मुलीचा कॉलेज सोडल्याचा दाखला मागणारा अर्ज ऑफिसातून सहीसाठी माझ्या टेबलावर आला. पालकांची सही होती, अगदी ठळक. विद्यार्थिनीच्या सहीची जागा कोरी. क्लार्क म्हणाला, "चालतं मॅडम."

मी खाली माझी सही केली.