होडीच्या नाकावर नारळ

आमच्या घरात राग वारशाने येतो. बाबांना आला की वस्तू फुटतात, मला आला की मी फोडणाऱ्याच्या अंगावर जाते. आई मधे उभी राहून म्हणते, "आटपा आता, शेजारी ऐकून राहिले."

म्हणून कोलार रोडच्या घरी, पोर्चमध्ये, मी कयाक बांधायला घेतली, एकट्याने वल्हवायची लांबट होडी, तेव्हा महाभारत होणार हे ठाऊकच होतं. माझा धाकटा भाऊ धरणात बुडाला. तेव्हापासून घरात पाण्याचं नाव काढायचं नाही, हा बाबांचा हुकूम. आणि मला त्याच धरणात जायचं होतं. मधोमध बसून त्या पाण्याला शिव्या घालायच्या होत्या.

होडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पातळ प्लायवूडच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या आणि सांधे इपॉक्सीने, दोन रसायनं कालवली की तापून घट्ट होणाऱ्या डिंकाने, भरायचे, एवढं व्हिडिओत पाहिलेलं. पहिल्याच दिवशी भर उन्हात मी प्लास्टिकच्या मगात भरपूर इपॉक्सी कालवलं. ते तापलं, धूर निघाला, मगच वितळला आणि माझा हात भाजला. बाबांनी लाथ मारून सगळं उडवलं. "अजून एक प्रेत पाहिजे का तुला या घरात?" मी पक्कड फेकली. ती त्यांच्या कानाजवळून गेली. लागली असती तर लागली असती, इतका संताप होता.

तरी होडी झाली. वाकडी, पण झाली. न्यायच्या सकाळी आई नारळ घेऊन आली. नवं वाहन नारळ फोडल्याशिवाय दाराबाहेर काढायचं नाही, मग ती स्कूटर असो की होडी. फोडायचा मान बाबांचा. ते मुकाट्याने उठले. मला वाटलं, निवळले एकदाचे. आईने खाली दगड मांडला होता. बाबांनी नारळ होडीच्या नाकावर हाणला. पुन्हा हाणला. प्लाय कडाडलं, तारा उसवल्या, तरी हात थांबेना. नारळ शाबूत, आणि होडीला डोकं जाईल एवढं भगदाड.

"एकच उरली तू!" ते ओरडले. "एकच!"

माझं डोकं फिरलं. हातोडा उचलून उरलेली होडी मीच फोडायला लागले. घ्या, फेडा हौस! पट्ट्या उडाल्या, तारेने तळहात फाटला, प्लायवर रक्त सांडलं. बाबांनी मागून मनगट धरलं. मी कोपर मारलं, चांगलं बरगडीत बसलं, पण त्यांनी सोडलं नाही. दोघंही तिथेच लाकडाच्या भुशात बसलो. मी ढसाढसा रडले. तेही रडले.

बऱ्याच वेळाने त्यांनी एक तुटकी पट्टी उचलली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. ती लगेच वाकली.

"दुसरी कर," ते म्हणाले. "जाड फळीची. ही तं नारळानंच फुटली."