दगडांवरचा बुळबुळीत थर

धुळ्याजवळच्या सांडपाणी केंद्रात मी नोकरी केली. कामाचं नाव काढलं की नातेवाईक अजूनही नाकाला रुमाल लावतात. लावा बापडे! काम साधं होतं. गोल हौदात दगड भरलेले, त्यांच्यावर फिरत्या नळीतून गटाराचं पाणी शिंपडायचं. हळूहळू दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव झिरपणाऱ्या पाण्यातली घाण खातात. सगळं काम तेच करतात, दगड नुसते त्यांना बसायला. खालून निघालेलं पाणी चारीत जायचं. चारीच्या काठावर एक अक्का राहायच्या. उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एका म्हशीला दुसरं पाणीच नव्हतं.

एकदा मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून फर्मान निघालं, सगळं लख्ख करा. आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांनाही गेरू-चुना लागतो. आमचे वरिष्ठ म्हणाले, "दगडांवरचं ते शेवाळ काढा, शोभत नाही." ते शेवाळ नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मूग गिळून बसलो. वर ब्लीचिंग पावडर ओतली, पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि पहिला ब्रश मीच उचलला. लाज वाटते सांगताना. हौद घासलेल्या पातेल्यासारखा चकचकीत झाला. साहेब खूश! म्हणाले, "दर महिन्याला असंच ठेवा." झालं, संपलं. तो थर पुन्हा धरायलाच कितीतरी आठवडे लागतात.

चौथ्या दिवशी चारीतून काळं पाणी वाहायला लागलं. अक्का नाकाला पदर लावून फाटकाशी आल्या. "भाऊ, पानीले वास ई ऱ्हायना. म्हैसले पाजू का?"

वरिष्ठ माझ्या शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "पाजा की अक्का, काही होत नाही."

पंधरवड्यात म्हैस हगवणीनं आडवी झाली, ती उठलीच नाही. मी भेटायला गेलो. रिकाम्या दाव्याशी अक्का बसल्या होत्या. वाटलं, आता शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. मी कसाबसा म्हणालो, "अक्का, माझं चुकलं."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुन्हा काय दोष शे, भाऊ? तुले थोडंच मालूम व्हतं!"

मी मान हलवली. तेव्हाही खरं सांगितलं नाही.