माझ्या वाटचा कूलर मशरूमला

पंधरा दिवसांपूर्वी नागपुरात, ऐन अधिक महिन्यात, माझ्या जावईपणाला जबरदस्त धक्का बसला. हसू नका... आधी ऐका.

मी पुण्याचा. मे महिन्यात नागपूर म्हटलं की घाम फुटतो, पण धोंड्याच्या जेवणाचं आवताण आणि जावयाचा मान कोण सोडतंय! कोराडी रोडच्या सासुरवाडीला पोचलो आणि सवयीनं थेट आतल्या खोलीकडे वळलो, कारण घरातला एकुलता एक कूलर तिथे असतो.

दारातच सासूबाई आडव्या. "तिकडं नका जाऊ जी, बापू. तिथं मशरूम हायेत."

म्हणजे कूलर मशरूमला आणि जावयाला हॉलमधला पंखा, जो गरम हवा इकडची तिकडे करत होता! बायको ओढणीत तोंड लपवून हसत होती. माझं तोंड मात्र चांगलंच वाकडं झालं.

मग तिनंच सगळं सांगितलं. आईनं बचत गटातून छोटंसं कर्ज घेतलंय, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर. खोलीभर भुशाच्या पिशव्या, त्यावर मातीचा थर, आणि त्यातून नुकतेच वर आलेले पांढरे कोंब... दुधी मशरूम उन्हाळ्यातच येतं म्हणे, पण नागपूरचं ऊन त्यालाही सोसत नाही. खोली तापली की कोंब पिवळे पडतात, संपलं.

आणि हे एकट्या सासूबाईंचं नव्हतं. गटाकडे पैसा बेताचाच, त्यामुळे यांचा पहिला हप्ता आला की मगच शेजारच्या शेवंताबाईंना शेळ्यांसाठी कर्ज मिळणार होतं. त्या दिवशी स्वयंपाकाला मदत करायला आलेल्या शेवंताबाईसुद्धा मधूनमधून त्या खोलीत डोकावून येत होत्या.

दुपारी पाट मांडला, रांगोळी काढली. ताटात तुपात बुडालेले पुरणाचे धोंडे, भजी, आमरस... मी पहिला धोंडा मोडला आणि लाईट गेली.

घरातून कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात हो! मी त्यावर काहीतरी विनोद केला, कुणीच हसलं नाही. आतल्या कूलरचा आवाज थांबला होता.

सासूबाईंनी हातपंखा घेतला आणि मला वारा घालायला बसल्या. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याला घामाघूम कसं ठेवायचं? हात माझ्याकडे हलत होता, नजर मात्र त्या बंद दाराकडे. "सावकाश जेवा जी," म्हणत होत्या.

दहा-पंधरा मिनिटं झाली तरी लाईटचा पत्ता नाही. मी भरल्या ताटावरून उठलो.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. "काहून उठले जी? काय चुकलं आमचं?" त्यांना वाटलं, जावई रुसला! मी त्यांच्या हातातला पंखा काढून घेतला आणि म्हटलं, "आई, चला आधी आत."

"नाही नाही! जावयानं काम करावं का? लोक काय म्हणतीन?"

"लोक गेले खड्ड्यात," शेवंताबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या हातात भिजवलेलं पोतं कोंबलं. अगदी बरोबर केलं बाईनं!

मग काय... नवा कुर्ता, कपाळाला कुंकू, आणि मी स्टुलावर चढून खिडकीला ओली पोती बांधतोय! बायको बादल्या आणतेय, शेवंताबाई सुपानं वारा घालतायत, सासूबाई पिशव्यांवर हलकेच पाणी फवारतायत. पहिली काही मिनिटं त्या "राहू द्या जी" म्हणत होत्या. नंतर एकदम खेकसल्या, "बापू, ते पोतं नीट ताना न! ऊन येऊन राहिलं!"

काय सांगू, इतकं बरं वाटलं मला ते खेकसणं.

लाईट आली तेव्हा आम्ही चौघंही चिंब होतो. कोंब जगले की गेले, ते लगेच कळणार नव्हतं. गार झालेले धोंडे आम्ही चौघांनी गोल बसून खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला परतलो.

काल माझा फोन वाजला. सासूबाईंचा! एरवी त्या लेकीला फोन करतात आणि शेवटी "बापू बरे हायेत न?" एवढंच विचारतात.

"बापू, मशरूम निघाले. हॉटेलवाल्यानं सारे नेले. पहिला हप्ता भरला मी आज... अन् शेवंताचं कर्जही पास झालं. म्हटलं, पहिले तुमालेच सांगाव."

इतक्या वर्षांत त्या घरात मान पुष्कळ मिळाला, पण आनंदाची बातमी सगळ्यात आधी मला कळावी, हे पहिल्यांदाच झालं... आई, थँक्यू.