उभं लाकूड

माझे बाबा, कुशाबा, चव्वेचाळीस वर्षं रे रोडच्या एका वखारीत लाकडाचे ओंडके मोजत होते. ओंडक्यावर हातोडी मारायची, मान तिरकी करून आवाज ऐकायचा, मग घेराला टेप लावायची आणि आकडा सांगायचा. लाकूड आतून पोकळ असलं तर आवाज ढब्ब येतो, भरीव असलं तर ठण्ण. वखारीतले शेट एकमेकांवर विश्वास ठेवत नसत, पण बाबांच्या शब्दावर ठेवत. त्यांनी पोकळ म्हटलेला ओंडका चिरून बघायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

घरी मात्र या गुणाचा आम्हाला वैताग होता. आईने नवी साडी नेसून "कशी दिसते?" विचारलं, की बाबा जे दिसे ते सांगत. नको असलेला पाहुणा दाराशी आला आणि मी "बाबा घरी नाहीत" म्हटलं, की मोरीतून "आहे, आहे, आलो" असा आवाज येई. खोटं बोलायची त्यांना अक्कलच नव्हती.

लालबागला आमची एक खोली, त्यात आम्ही तिघं. संडास गॅलरीच्या टोकाला, अख्ख्या मजल्याला मिळून चार. आईच्या, म्हणजे मालनच्या, दोन्ही गुडघ्यांची वाट लागलीय. चाळीच्या जागी टॉवर होणार हे मी पाचवीत असल्यापासून ऐकतेय, आणि आता मी चौतीस वर्षांची आहे.

त्यामुळे दीपकमामा बातमी घेऊन आला तेव्हा मी हरखून गेले. मामा आईचा धाकटा भाऊ, हिंदमाताला साड्यांच्या दुकानात असतो. आईच्या माहेरी, पेणच्या अलीकडे, नऊ एकर रान आहे. आजोबांच्या मागे ते आई आणि मामा दोघांच्या नावावर आलं. एका बिल्डरला तिथे बंगल्यांचे प्लॉट पाडायचे होते. अट एकच, जमीन साफ करून द्यायची. झाडं तोडायला एक कंत्राटदार तयार होता. परवानग्या तो काढणार, तोडणी तो करणार, बदल्यात लाकूड त्याचं. पण लाकूड चांगलं असेल तरच.

"आणि ते सांगणारा माणूस आपल्याच घरात आहे ताई," मामा म्हणाला. "भावोजींनी भरीव म्हटलं की तो डोळे मिटून सही करील."

आईच्या वाट्यात डोंबिवलीला एक खोली-हॉल-किचन बसत होतं. मी मोबाईलवर त्याच्या बाथरूमच्या टाइल्ससुद्धा बघून ठेवल्या. फिकट निळ्या होत्या.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी मी आणि बाबा परळहून एसटीने निघालो. पिशवीत हातोडी, टेप आणि आईने दिलेली चपाती-भाजी. फाट्यावर उतरून अर्धा तास चाललो आणि रान लागलं. कुंपण वगैरे काही नव्हतं. ऊन होतं, मग चार पावलांवर ते नव्हतं, एवढंच.

बाबा पहिल्या झाडापाशी थांबले. सालीवर तळवा ठेवला, नाक जवळ नेलं. "ऐन," म्हणाले. मग मान वर केली आणि ती बराच वेळ खाली आणलीच नाही.

मला आधी कळेना. मग लक्षात आलं, माझ्या बापाने ऐनाचं झाड कधी बघितलंच नव्हतं. देवगडकडचं घर भावकीत गेलं, तेव्हापासून आम्हाला गाव नाही. बाबांचा जन्म लालबागचा, आणि सासुरवाडीला गेले तरी घरातूनच परतत, रानाकडे कधी फिरकले नव्हते. ऐन, किंजळ, हेद, शिसव ही सगळी त्यांना माहीत होती ती आडवी, फांद्या छाटलेली, ट्रकमधून उतरलेली. कापल्यावर कुणाचा वास आंबूस येतो, कुणाचा भुसा हाताला खाजतो, हे त्यांना ठाऊक होतं. पान कुणाचं कसं, हे नव्हतं.

"दर्शू," ते हळूच म्हणाले, "आपल्याकडे वखारीत येतं ते फक्त मधलं गं."

मग त्यांनी काम सुरू केलं. ठण्ण. पुढच्या झाडाला ठण्ण. त्या शांततेत तो आवाज दूरवर जाई, आणि कुठूनतरी एखादा पक्षी त्याला उत्तर दिल्यासारखा ओरडे. मी वहीत आकडे लिहीत होते. विसाव्या झाडानंतर बाबांनी आकडा सांगितलाच नाही. पंचविसाव्यानंतर टेप पिशवीत गेली. नुसते ठोकत आणि ऐकत पुढे चालले. प्रत्येक झाडाखालचं एक पान उचलत, उलटंपालटं करत आणि खिशात ठेवत. शर्टाचा खिसा फुगला.

रानाच्या मध्ये एक ओढा होता, पाणी घोट्याएवढं. त्याच्या काठाला बाबा चक्क उताणे पडले. लाकूड आडवं आणि बाबा उभे, असं आयुष्यभर चाललेलं. आज उलटं झालं होतं. वर फांद्या एकमेकींत सरकत होत्या आणि त्यांच्या सावल्या बाबांच्या चेहऱ्यावरून जात होत्या. वेळ कुठे गेला कळलं नाही. मीही शेजारी आडवी झाले. डोळे मिटले की पाणी आपल्या अंगाखालून वाहतंय असं वाटे, आणि उघडले की सगळं रान जरासं हललेलं असे. मला निळ्या टाइल्स आठवेनात. मी प्रयत्न करून बघितला.

"किंजळ एवढा उंच जातो," बाबा झोपेत बोलावं तसं बोलले. "मी आपला त्यात खिडक्या किती निघतील तेच मोजलं."

उन्हं कलली तशी आम्ही उठलो. वाटेत एकच झाड ढब्ब वाजलं, म्हातारा उंबर होता. बाकी सगळी ठणठणीत. परतीच्या एसटीत बाबा खिशातली पानं एकेक काढून बघत होते. पुढचे दोन दिवस ते गॅलरीत बसून समोरच्या टॉवरच्या वरचं आभाळ बघत होते. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ देत.

मंगळवारी संध्याकाळी मामा आला. चहा हातात घेऊन म्हणाला, "बोला भावोजी."

"पोकळ आहेत," बाबा म्हणाले.

"किती?"

"सगळीच."

"नऊ एकर? सगळी?"

"वाळवी," बाबा पंख्याकडे बघत म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. रविवारी दिवसभर मी ठण्ण ऐकलं होतं, वही माझ्या पर्समध्ये होती. तोंड उघडलं की डोंबिवली आमची होती. मी उघडलंही, पण बाबांचे हात दिसले. मांडीखाली दाबून धरले होते, आणि मी तोंड मिटलं.

मामा कपाळाला हात लावून बसला. मग म्हणाला, "मी दुसरा माणूस आणतो मोजायला. दोघांच्या नावावर आहे, ताईची परवानगी पाहिजे. ताई, आणू ना?"

आई उठली आणि मला खूण करून गॅलरीत आली. दार ओढून घेतलं.

"तू होतीस सोबत," ती म्हणाली. "खरं सांग."

"भरीव आहेत आई. एक उंबर सोडला तर सगळी."

तिने कठडा धरला. खाली कुणाचीतरी स्कूटर सुरू होत नव्हती, ती तिकडे बघत राहिली. मग आत गेली.

"दुसरा माणूस नको, दीपक," ती म्हणाली. "ह्यांनी पोकळ म्हटलं म्हणजे पोकळ. मी कशावरच सही करणार नाही."

मामा खूप बोलला. ताईला वेड लागलंय म्हणाला, चहा तसाच टाकून गेला. बाबा खाली मान घालून बसले होते. आईकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती. थोड्या वेळाने ते पाणी भरायच्या निमित्ताने बाहेर गेले, तेव्हा मला रडू फुटलं. मला तो फ्लॅट हवा होता, अजूनही हवाय, आणि मी आईला तसं सांगितलं.

"मला काय नको होता?" आई म्हणाली. तिने मामाचा कप उचलला आणि तसाच हातात धरून उभी राहिली. "पण लग्नाला चाळीस वर्षं झाली, या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागितलं, तर ते असं. धड मागतासुद्धा येत नाही गं त्यांना."