पत्र्याखालची साडी

किल्लारीच्या चतुराबाईंना कुणी ‘नेपाळवाल्या बाई’ म्हटलं की त्या हसत, आणि ‘या वयात कशाला ही उठाठेव’ म्हटलं की त्यांच्या नाकपुड्या फुगत. या वयात म्हणजे साठीत. उपकेंद्रावर नर्स म्हणून तीस वर्षं काढली, आसपासच्या आठ-दहा गावांतली निम्मी लेकरं त्यांच्या हातावर जन्मली. निवृत्त झाल्या त्याच हिवाळ्यात त्या लातूरच्या एका मंडळाबरोबर पश्चिम नेपाळच्या डोंगरात जाऊन आल्या. तिथं भूकंपात घरं पडली होती आणि माणसं पत्र्याच्या शेडात राहत होती. तिथल्या बाळंतिणी आणि तान्ही लेकरं थंडीत जगवायची, एवढंच त्यांचं काम. तीन आठवडे, बिनपगारी. असे दोन हिवाळे झाले. तिसऱ्या वर्षी निघायची तारीख सहा जानेवारी ठरली होती, आणि तुकडीत बाळंतपणातलं कळणारं दुसरं कुणी नव्हतं.

गावाला हे पटत नव्हतं. शेजारच्या माणिकप्पांची बायको लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेत राहून आली, तेव्हा गल्लीनं तिला हार घातला होता. चतुराबाई निघाल्या की मात्र, ‘पासपोर्टबी लागत न्हाई तो कसला परदेस?’ स्वतःच्या रक्ताचं लेकरू धुतलं की पुण्य आणि दुसऱ्याचं धुतलं की खाज, हा हिशोब चतुराबाईंच्या डोक्यात कधी बसला नाही. बसवून घ्यायची त्यांची इच्छाही नव्हती. नवरा शेषेराव बिचारा मधल्या मध्ये. बारा एकर रान एकट्यानं सांभाळणारा हा माणूस स्वयंपाकघरात चहापत्तीचा डबा शोधत पाव तास उभा राही. पण दोन हिवाळ्यांत तो खिचडी शिकला, आणि ती बरी होते असं स्वतःच सांगू लागला.

यंदा गोष्ट वेगळी होती. लेक पुनमला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले आणि ऑक्टोबरच्या शेवटी मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, तेव्हा माहेरी. चतुराबाई हरखून गेल्या. डिंकाचे लाडू वळले, शेपा-ओवा भाजून ठेवला, आणि रोज सकाळी पाय पसरून, नातीला नडगीवर पालथी घालून अशी न्हाऊ घालायच्या की ती रडायचं विसरून झोपी जायची. बारशाला सासरच्यांनी नाव ठेवलं मृण्मयी. चतुराबाईंची जीभ त्या नावाशी दोनदा झटली आणि तिसऱ्यांदा त्यांनी सरळ ‘चिमी’ म्हणून हाक मारली.

बारशातच ठिणगी पडली. पुनमच्या सासूबाई, उज्वलाबाई, दोन जीपगाड्या भरून नांदेडहून आल्या होत्या. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, आणि त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "बालाजीला जावळ काढायचं हाय. बारा जानेवारीची तिकिटं काढली. चौदा माणसं. तुमच्या दोघांचीबी काढून टाकली, इहीणबाई."

"मला इचारलं असतं तर बरं झालं असतं," चतुराबाई म्हणाल्या. "मी सहाला नेपाळला चाललेय."

"अहो, नवस हाय माझा. एवढ्या लांब गाडीत लेकरू कोण धरणार? हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"जावळ मामाच्या मांडीवर काढतात. माझा पोरगा रामलिंग येईल, त्याला सांगते. आजीची मांडी लागत न्हाई त्याला."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. उज्वलाबाई हसल्या नाहीत. त्या हात धुवायला आत गेल्या आणि तिथं त्यांना सतरंजीवर साड्यांचा ढीग दिसला. ढिगावर सगळ्यात वर होती ती तासाभरापूर्वी त्यांनीच चतुराबाईंना दिलेली आहेराची जांभळी साडी.

आपल्याकडे आहेराची साडी नेसायला नसते, फिरायला असते. या घरातून त्या घरात, बारशातून लग्नात, घडी न मोडता ती वर्षानुवर्षं हिंडते आणि कुणाच्या अंगाला लागत नाही. चतुराबाई वर्षभर अशा साड्या नातलगांकडून मागून आणत आणि नेपाळला नेत. थंडीत शेडात माणसांच्या श्वासाची वाफ वर जाते, पत्र्याला लागून गार होते आणि पहाटे तिचे थेंब खाली टपटपतात. ते थेंब तान्ह्या लेकराच्या अंगावर पडले की लेकरू गारठतं. पत्र्याखाली साडी ताणून बांधली, एक बाजू उतरती ठेवली, की पाणी भिंतीकडं ओघळतं आणि लेकरू कोरडं राहतं.

"माझा आहेर तुम्ही पत्र्याला बांधणार?" उज्वलाबाईंचा आवाज माजघरातून अंगणापर्यंत आला.

"बांधणार. नायलॉनची हाय, थेंब घसरून जातो. सुती असती तर नसती घेतली."

इथं थांबल्या असत्या तर निभावलं असतं. पण चतुराबाईंची जीभ कधी वेळेवर थांबली आहे? त्यांनी साडीचा पदर उलटा करून दाखवला. "अन् ही साडी मीच पुनमच्या लग्नात तुमच्या थोरल्या जावेला दिली होती. हे बघा, माझ्याच हातचं कुंकू सांडलेलं. सहा वर्षं नांदेड फिरून घरी आली बिचारी."

उज्वलाबाईंचा चेहरा पार उतरला, आणि त्या क्षणी चतुराबाईंना स्वतःचाच राग आला. ‘साडी परत आली तर आली, चारचौघांत उलटी करून दाखवायची काय गरज होती?’ विहीणबाई जेवल्या, पण पानाचा विडा न घेताच गाडीत बसल्या.

पाहुणे गेल्यावर पुनम खाटेवर चिमीला थोपटत होती. तिनं आईकडं बघितलं नाही.

"आई, यंदा नको जाऊस."

"का गं?"

"सहा वर्षांनी लेकरू झालंय मला. किती दवाखाने केले. अन् तुला तिकडच्या लेकरांचं पडलंय. एक वर्ष माझं म्हणून दे ना."

गावाचं, विहिणीचं बोलणं चतुराबाईंनी कधी मनावर घेतलं नव्हतं. हे बोलणं लेकीच्या तोंडून आलं म्हणून ते काळजात रुतलं. त्या खाली फरशीवर बसल्या.

"तू शेडात झालीस, ते तुला ठाऊक हाय."

"शंभरदा सांगितलंस."

खरंच सांगितलं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात चतुराबाईंची सासू भिंतीखाली गेली, माहेरचं गावही पडलं. डिसेंबरात पत्र्याच्या शेडात पुनम झाली तेव्हा बाळंतपण करायला हक्काचं माणूसच उरलं नव्हतं. चतुराबाई स्वतः नर्स, पण शिकल्या त्या पुस्तकात पत्र्याचं शेड नव्हतं. तेव्हा मदतीला आलेल्यांपैकी एक पन्नाशीची बाई शेडात शिरली, पत्र्याकडं बघितलं, पिशवीतली बदलायची साडी काढली आणि वर ताणून बांधली. चाळीस दिवस पुनमला तिनं आपल्या पायांवर न्हाऊ घातलं. ती बोलायची ती भाषा कन्नडही नव्हती आणि तेलुगूही. चतुराबाई तिला नुसतं अम्मा म्हणत.

"एक गोष्ट तुला कधी सांगितली न्हाई," चतुराबाई म्हणाल्या. "तिच्या बटव्यात एक फोटो होता. लेक खाटेवर, कुशीत नवं कोरं लेकरू. फोटोकडं बोट करायची, मग छातीवर हात ठेवायची. ती तिची नात होती, पुनम. तुझ्याएवढीच. तिला तिकडं ठिवून ती तुला धुवायला आली होती."

पुनमचा थोपटणारा हात थांबला.

"तिची लेकबी तिला ‘नको जाऊस’ म्हणली असंल. म्हणलीच असंल. ती ऐकून घरी बसली असती तर मी आज कुणाची आई असते, सांग?"

पुढं पुनमनं आईला पुन्हा अडवलं नाही, आणि चतुराबाई साड्यांची गाठोडी बांधत राहिल्या. तिनं पुन्हा नको म्हटलं असतं तरी त्या जाणार होत्या, पण रडत गेल्या असत्या.

आता लेकराला न्हाऊ कोण घालणार हा प्रश्न उरला. पुनमच्या कमरेत अजून ताकद नव्हती. चतुराबाईंनी जावयाला धरलं. सुदर्शन नांदेडला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा आणि शनिवार-रविवारी येऊन जायचा. "पाय पसरा," सासूबाईंनी हुकूम सोडला. पहिल्या दिवशी तो प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेऊन पाटावर बसला. चतुराबाईंनी तो काढून घेतला आणि त्याचं कोपर पाण्यात बुडवलं. गल्लीतल्या बायका जावई लेकरू धुतो हे बघायला कामं काढून येत. तिसऱ्या शनिवारी चिमी बापाच्या नडगीवर झोपली, आणि सुदर्शन पाय बधिर झाले तरी हलायला तयार होईना. जानेवारीत तो तीन आठवड्यांची रजा टाकून किल्लारीलाच राहायला आला.

येताना त्यानं गाडीतून दोन गाठोडी उतरवली. "आईनं पाठवली."

सोडून बघितलं तर साड्या. चाळीस तरी असतील, सगळ्या घडी न मोडलेल्या. उज्वलाबाईंनी जावांची, नणंदांची, अख्ख्या गल्लीची कपाटं उपसली होती. निरोप एवढाच होता, ‘बालाजीला तुमचं तिकीट रद्द केलं. साड्यांत तुमच्या अजून दोन निघाल्या, त्याबी घ्या.’ चतुराबाई हसता हसता खाली बसल्या, आणि मग त्यांनी विहिणीला फोन लावून कान धरले.

सहा तारखेला सकाळी जीप दाराशी आली. आधी लातूर, पुढं रेल्वेनं लखनौ, मग बसनं सरहद्द. शेषेरावांनी गाठोडी टपावर बांधली. माणिकप्पांची बायको दारातून म्हणाली, "एवढी दोन महिन्यांची नात सोडून निघालात, बाई? जीव कसा होतो?"

चतुराबाईंनी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात पुनम बाहेर आली. तिनं आईचा बटवा ओढून घेतला आणि त्यात काहीतरी सरकवलं. सुदर्शनकडून नांदेडहून धुवून मागवलेला फोटो होता. खाटेवर पुनम, कुशीत चिमी.

"मोबाईल चार्ज नसतो तिकडं, तूच म्हणतेस. अन् भाषा त्यांना तुझी कळत न्हाई." पुनम आता आईकडं सरळ बघत होती. "त्या लेकरांच्या आयांना हा दाखव. सांग, माझ्या आईला मी पाठवलंय."